खसऱ्यासमोरचा रिकामा चौकोन

प्रिय गुड्डू,

पत्राचं कारण आधी सांगून टाकते. नाहीतर म्हणशील, हेडमास्तरीनबाईंची प्रस्तावनाच संपत नाही.

गेल्या रविवारी आईने सगळ्यांसमोर तुझ्या मरणाचा दोष स्वतःवर घेतला. मी तिथेच बसले होते. तो दोष तिचा नाही हे मला कळत होतं. का नाही, हेही दोन-चार वाक्यांत सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. ताट उचललं, हात धुतले आणि पांढुर्ण्याहून नागपूरची गाडी पकडली.

आज गुरुवार आहे. परवा शनिवारी घरी जायचं आहे. त्याआधी सगळं एकदा क्रमाने कुणाला तरी सांगून पाहायचं आहे, आणि हे ऐकण्याचा पहिला हक्क तुझा आहे. तू जाऊन नऊ वर्षं झाली. नऊ वर्षांत एक चिठ्ठीसुद्धा लिहिली नाही मी तुला. रागावलास का?

मराठीतच लिहिते. आपली शाळा हिंदी, माझी प्रयोगशाळा इंग्रजी. पण पहिली अक्षरं आईने स्वयंपाकघराच्या फरशीवर खडूने काढून दिली ती मराठी. शाळेत घालायच्या आधी दोन वर्षं तिनेच मला शिकवलं. भाकरी तव्यावर असताना 'ग' विचारायची, आणि भाकरी उतरेपर्यंत 'ग' आला नाही तर ती भाकरी बाबांच्या ताटात. तुझी वेळ आली तेव्हा ती म्हणाली, याला आता तू शिकव. म्हणून तुला मी शिकवलं. मी तुझी ताई नंतर, आधी मास्तरीन. हे तुला फारसं आवडलं नव्हतं, आठवतं ना?

तुझं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं. हे मी तुला कधी सांगितलं नाही, डोक्यात हवा जाईल म्हणून. मग सहावीत ते बिघडायला लागलं. रेघ सोडून शब्द खाली घसरायचे, वेलांट्या कुठेही लागायच्या. पाढे येत होते ते अडकायला लागले. शाळेतून बाबांना निरोप आला की पोराचं लक्ष नाही. मी अकरावीत होते. मला वाटलं, मस्ती आली आहे.

एक दिवस संध्याकाळी मी तुला एक पान उतरवायला दिलं. वाईट आलं, मी फाडलं. दुसरं लिहिलंस, तेही फाडलं. तिसऱ्या वेळी तू पेन खाली ठेवलंस आणि उजवा हात डाव्या हातात धरून बसलास.

"ताई, हात माह्यं ऐकून नाही राहिला."

"हात नाही," मी म्हणाले, "तूच ऐकून नाही राहिला." आणि चौथा कागद पुढे सरकवला.

तू लिहिलंस. पूर्ण लिहिलंस. ते पान माझ्याकडे आहे. पहिली तीन नाहीत.

मग पोळा आला. दुसऱ्या दिवशी गोटमार, नदीच्या दोन काठांवरून दोन गावांनी एकमेकांवर दगड मारायची जत्रा. तुला नदीकडे जायची बंदी होती, म्हणून तू गच्चीवर चढून बसला होतास. तिथून जांब नदी दिसत नाही, नुसता गलका ऐकू येतो; सावरगावकडून एक लाट, आपल्याकडून एक. जेवायला हाक मारली तसा तू जिन्यावरून उतरायला लागलास, आणि मधल्या पायरीवर तुझी मान एकदम खाली गेली, कुणीतरी मागून टपली मारावी तशी. तू चार पायऱ्या घसरत आलास.

बाबा धावले. गोटा लागला काय रे, म्हणाले. नदी केवढी तरी लांब! तरी बाबांनी तुझे केस बोटांनी बाजूला करून करून सगळं डोकं तपासलं. आईची थोरली जाऊ, आपली मोठी आई, शेजारच्या घरातून हळदीची वाटी घेऊन आली. हळद लावायला जखम सापडेना. सगळे घाबरलेले आणि तू हसून राहिला होतास.

"बाबा, गोटा आतून लागला वाटते."

तेव्हा आम्हीही हसलो होतो. आता हे वाक्य मी कुणाला सांगत नाही.

पुढचं तुला ठाऊक आहे, किंवा ठाऊक नसेल. तू हळूहळू कमी कमी होत होतास. मान दर काही मिनिटांनी पडायची. ताटातला घास तोंडाशी येऊन उडायचा. सौसरला मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी बराच वेळ पाहून नागपूरला जा म्हटलं. नागपुरात डोक्याला तारा लावून आलेख काढला, पाठीतून पाणी काढलं. मग डॉक्टरांनी आईला विचारलं, याला लहानपणी गोवर झाला होता का?

"हो," आई म्हणाली, "माय आली होती, डॉक्टरसाहेब. पण चांगली गेली. काही तरास नाही दिला तिनं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, कधीकधी ती जात नाही. पुरळ जातं, ताप जातो, पोर खेळायला लागतं, आणि गोवराचा विषाणू मेंदूत राहून जातो. वर्षानुवर्षं. मग एक दिवस दिसायला लागतो. आईने विचारलं की मग आता औषध कोणतं. डॉक्टर बाबांकडे पाहायला लागले.

त्यानंतर तू सोळा महिने होतास. आधी वाचणं गेलं, मग चालणं, मग बोलणं. शिकवलं त्याच्या उलट्या क्रमाने अक्षरं गेली असं मी एकदा कुणाला तरी सांगितलं होतं. ते खरं नाही. कसलाच क्रम नव्हता. ऐकायला बरं वाटतं म्हणून सांगितलं. एक दिवस 'ळ' यायचा आणि 'क' नाही. शेवटचे काही महिने तुझे डोळे उघडे असायचे आणि मी समोर येऊन बसले तरी ते माझ्यातून पलीकडे कुठेतरी पाहायचे. तुला मी दिसत होते का रे? हे मला अजून कळलेलं नाही.

आता खरं ते लिहिते.

गोवर घरात मी आणला होता. मी सहा वर्षांची, तू नऊ महिन्यांचा. आधी दोन-तीन दिवस माझं नाक गळत होतं, डोळे लाल, अंग कढत. सर्दी असेल म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. मग कानांमागून पुरळ उठलं आणि मोठ्या आईने पाहिल्याबरोबर सांगितलं की माय आली. घराचे नियम बदलले. दाराला कडुलिंबाची डहाळी, कढईत फोडणी नाही, कुणी केस विंचरायचे नाहीत. मला समोरच्या खोलीत निजवलं. तुला घेऊन आई आतल्या खोलीत. मला सांगितलं, बाळाजवळ जायचं नाही.

तिसऱ्या दिवशी मोठी आई मातामायच्या देवळात पाणी घालून आली आणि दहीभात केला. तो माझ्यासमोर ठेवून म्हणाली की ज्या लेकराकडे माय आली त्याच्या हातचा घास घरातल्या सगळ्यांनी खायचा असतो. एकही माणूस राहिला तर माय रुसते. तू ओळखतोस मला. मी तेव्हाही अशीच होते. बाबांना घास दिला, आईला दिला, मोठ्या बाबांना दिला, मोठ्या आईला दिला. दादा शाळेतून आला तेव्हा त्याला दिला. मग बोटं मोजली. एक बोट उरलं.

दोन नियम होते, गुड्डू. बाळाजवळ जायचं नाही, हा एक. एकही माणूस राहायला नको, हा दुसरा. पहिला आईचा, दुसरा मायचा. मी मोठा नियम पाळला. आई अंगणात होती. मी आत गेले, तू पाळण्यात झोपला होतास. मी बोटावरची दोन शितं आधी तोंडात घालून मऊ केली आणि तुझ्या ओठांत ठेवली. तू झोपेतच चुटचुट आवाज केलास. मी परत येऊन अंथरुणावर पडले आणि मला फार शांत वाटलं. सगळं बरोबर झालं होतं.

मग तुझ्या अंगावर पुरळ आलं.

त्या दिवसापासून मला माहीत होतं. म्हणजे मला वाटत होतं की माहीत आहे. तू बरा झालास तेव्हा देवाने माफ केलं असं समजून मी दोन महिने रोज मातामायला नमस्कार करायला जात होते. नागपूरच्या डॉक्टरांनी गोवर झाला होता का असं विचारलं तेव्हा मी दाराशी उभी होते. सगळ्यांना वाटलं, भावाच्या काळजीने पोरगी पांढरी पडली.

मी हा विषय का घेतला, असं मॅडमनी मला मुलाखतीत विचारलं होतं. मॅडम म्हणजे माझ्या मार्गदर्शक, ज्यांच्या प्रयोगशाळेत मी गेली तीन वर्षं काम करते. मी म्हटलं, आवड आहे.

इथे मी काय करते ते सांगते. माणसाच्या पेशी आम्ही चपट्या बाटलीत वाढवतो. तळाला त्या चिकटून बसतात, वर गुलाबी पाणी असतं, त्यातून त्यांना खायला मिळतं. अंगाच्या उबेइतक्या गरम कपाटात ठेवायच्या. दर तिसऱ्या दिवशी पाणी बदलायचं; बाटली भरली की थोड्या पेशी उचलून नव्या बाटलीत न्यायच्या. त्याला आम्ही पॅसेज म्हणतो आणि आकडा बाटलीवर लिहितो.

अशा बाटलीत गोवराचा विषाणू सोडला की पहिल्या आठवड्यात हाहाकार होतो. पेशी एकमेकींना चिकटतात, त्यांच्या भिंती विरघळतात, पन्नास पेशींचा एक लोळागोळा होतो आणि मरतो. पाणी गढूळ होतं. बहुतेक लोक इथे प्रयोग संपला म्हणतात आणि बाटली टाकतात. आम्ही टाकत नाही. तळाशी मोजक्या पेशी उरलेल्या असतात. त्यांना खायला देत राहायचं. पंधरा दिवसांत त्या वाढायला लागतात, महिन्याभरात बाटली भरते. साध्या सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर पेशी सुंदर दिसतात. बाहेरच्या पाण्यात विषाणू शोधला तर नसल्यातच जमा. कुणीही म्हणेल, माय आली आणि चांगली गेली.

मग विषाणूला ओळखणारा रंग घालायचा आणि अंधाऱ्या खोलीत पाहायचं. सगळ्या हिरव्या. एकूण एक पेशी, आतून.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खुर्ची मागे सारून बाहेर गेले आणि नळाखाली हात धरून उभी राहिले.

तो तिथे बसून काय करतो? बदलतो. हेच माझं काम. विषाणूला पेशीतून बाहेर पडायचं तर अंगावर आवरण चढवून घ्यावं लागतं, आणि ते जुळवून देणारं त्याचं एक प्रथिन असतं. माझ्या बाटल्यांमध्ये त्या प्रथिनाचा आराखडा पॅसेजमागून पॅसेज बिघडत गेला. आधी एक अक्षर, मग चार, मग ओळीच्या ओळी. आता त्याला बाहेर पडताच येत नाही. त्याला गरजही उरलेली नाही. तो एका पेशीतून शेजारच्या पेशीत सरकतो, बाहेर न येता. रक्तातले पहारेकरी बाहेर शोधत बसतात. पेशीही बदलतात, ज्या त्याला सोसू शकतात त्याच उरतात. तुझ्यासारख्या मुलांच्या मेंदूतून काढलेल्या विषाणूतही नेमका तोच भाग असाच मोडलेला सापडलेला आहे. माझ्या बाटलीत याला काही महिने लागले. तुझ्या डोक्यात दहा वर्षं. तू पहिली अक्षरं लिहीत होतास तेव्हा तो होता. तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाला खडूने चष्मा काढलास, आठवतं? तेव्हाही होता.

मॅडम म्हणतात, बाटली म्हणजे मेंदू नव्हे. बाटलीतल्या पेशी वाढतात, दुभागतात. मेंदूतल्या तशा दुभागत नाहीत. बाटलीत दिसलं ते माणसात झालं असेलच असं लिहायचं नाही. मी लिहीत नाही. पण हे पत्र आहे, शोधनिबंध नाही.

आता रविवारचं.

आपल्या गल्लीत परत गोवर आला आहे. तीन घरं सोडून दाराला कडुलिंब लागलेला मी येतानाच पाहिला. दादाची मुलगी परी या महिन्यात नऊ महिन्यांची झाली. अगदी तुझ्यासारखं हसते, फक्त हिरड्यांनी. मंगळवारी अंगणवाडीत टीका, म्हणजे गोवराची लस, लावायचा दिवस होता. जेवताना मी आठवण केली. मोठी आई म्हणाली, या मंगळवारी नाही, गल्लीत माय हाय, माय असताना लेकराले सुई टोचत नाही.

मी समजावायला लागले. बाटल्यांचं सांगितलं, हिरव्या पेशींचं सांगितलं. माझा आवाज चढला की तो चिरकतो, तसा चिरकला. मोठ्या आईने शांतपणे भाताचा घास कालवला.

"तुले तं दाराची कडी लागली का नाही थे तीनदा पाहा लागते. तू आमाले शिकवून राहिली? बाटलीतले किडे तू सांभाळ माय, गल्लीतल्या मायचं आमी पाहू."

दादा हसला. मलाही हसू आलं, कारण कडीचं खरं आहे.

आई उठली. आत जाऊन पत्र्याचा डबा घेऊन आली आणि त्यातून तुझं टीकाकरणाचं कार्ड काढून मोठ्या आईच्या ताटाशेजारी ठेवलं. हे कार्ड तिने ठेवलं आहे, हे मला माहीत नव्हतं. त्यावर हिंदीत छापलेले चौकोन आहेत. सगळ्या चौकोनांत तारखा आहेत. 'खसरा', म्हणजे गोवर, लिहिलं आहे त्याच्या समोरचा चौकोन रिकामा. बाजूला पेन्सिलने नर्सबाईंच्या येण्याची तारीख लिहिलेली.

"नर्सबाई आल्या होत्या बाई त्या दिवशी," आई म्हणाली. "दारातून म्या वापस पाठवलं. घरात माय हाय, पुढच्या महिन्यात या म्हटलं. त्या म्हणत होत्या, अवो, याच्यासाठीच तं लावते. म्या आयकलं नाही. माह्या हातानं गेलं माहं लेकरू. आता परीची सुई कोण अडवते, पाहूच."

बाबा अर्ध्या ताटावरून उठून अंगणात गेले. बऱ्याच वेळाने मोठी आई खाली पाहत पुटपुटली, "तू तं घरात लहानी होती. सुई नोको म्हणून म्याच सांगितलं होतं तुले."

म्हणजे त्या घरात प्रत्येकाने तुझ्या नावाचा एकेक तुकडा लपवून ठेवला होता, गुड्डू. रविवारी दोघींनी आपापला काढून ताटाजवळ ठेवला. माझा माझ्याचजवळ राहिला.

कार्डात घडी घालून कॅलेंडरचं एक पान होतं, त्याच वर्षाचं. आईने त्यावर पेनने गोल केले आहेत. माझी माय आली तो दिवस, माझी गेली तो दिवस, तुझी आली तो दिवस. ते पान उलगडून पडलं आणि माझी नजर सवयीने मोजायला लागली. नर्सबाईंची तारीख म्हणजे माझ्या पुरळाचा तिसरा दिवस. दहीभाताचाही तोच दिवस. तिथपासून तुझ्या गोलापर्यंत मी मोजले. नऊ.

गोवर अंगात शिरल्यापासून पुरळ उठेपर्यंत साधारण चौदा दिवस जातात. नऊ नाही. तुझ्या गोलापासून चौदा दिवस मागे गेलं की माझ्या पुरळाच्याही तीन दिवस आधीचा दिवस येतो, जेव्हा घरात कुणाला काही माहीत नव्हतं, दाराला कडुलिंब नव्हता, मला नुसती सर्दी होती आणि मी तुला दिवसभर कडेवर घेऊन फिरत होते. गोवर श्वासातून जातो. त्याला दहीभात लागत नाही. नर्सबाई आल्या तेव्हा तो तुझ्यात शिरून पाच दिवस झाले होते. लागण झाल्यावर पहिल्या तीन दिवसांत सुई लागली तर उपयोग होऊ शकतो. पाचव्या दिवशी बहुतेक उशीर झालेला असतो. आईने दार उघडलं असतं तरी बहुतेक हेच झालं असतं.

'बहुतेक' दोनदा लिहिलं. खोडणार नाही. कुणाला नऊ दिवसांतही पुरळ येतं, क्वचित. कोणता दिवस हे कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. पण आईचा दोष मी एका वाक्यात निम्म्याहून हलका करू शकत होते. आई, ती सुई उशिराच आली होती. गुड्डूला गोवर माझ्या कडेवर लागला. एवढंच.

का नाही बोलले?

एक कारण सोपं आहे. ते वाक्य 'माझ्या कडेवर' या शब्दांतून जातं. मग आई विचारेल, अजून काय? मग दहीभात.

दुसरं कारण लिहायला हात थांबतो आहे. आई 'माह्या हातानं' म्हणाली ना, तेव्हा मला क्षणभर हलकं वाटलं. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. दुसऱ्या कुणीतरी हात वर केला होता आणि मी खाली बसू शकत होते. मी बसले. समोर माझी आई त्या कार्डाशेजारी उभी होती, तरी मी बसून राहिले. त्या एका क्षणासाठी मला तुझी माफी मागायची आहे, दहीभातासाठी नाही. दहीभात सहा वर्षांच्या पोरीने दिला. हे सत्तावीस वर्षांच्या बाईने केलं.

मंगळवारी आईच परीला घेऊन अंगणवाडीत गेली. दुपारी तिचा फोन आला. लावली, रडली, ताप येऊ शकतो म्हणाल्या. मोठी आई बरोबर गेली होती आणि सुई लागताना तिने पदर डोळ्यांवर घेतला, हेही आईने सांगितलं. मग आई म्हणाली, "गुड्डूलेबी एवढंसंच टोचलं असतं."

मी 'हो' म्हणाले. फोनवरही मी 'हो' म्हणाले!

काल बाटलीचा अठ्ठावन्नावा पॅसेज होता. पेशी निरोगी दिसतात. पाण्यात काही नाही. माझ्याकडे पाहून मॅडमनी विचारलं, बरं नाही का? मी म्हटलं, बरी आहे. आतलं बाहेर न येता राहून जातं याची उपमा मला इथे सहज देता येईल, आणि तू म्हणशील वा, काय मास्तरीन आहे. पण मी विषाणू नाही, गुड्डू. त्याला बाहेरचा रस्ता उरलेला नाही. मला आहे, पांढुर्ण्याची गाडी दर शनिवारी असते.

हे पत्र लिहिताना अक्षर खराब आलं आहे. दुसरं पान दोनदा ओलं झालं, रेघा खाली घसरल्या आहेत. मघाशी फाडायला घेतलं होतं. फाडलं नाही. तुझा हात तुझं ऐकत नव्हता. तू खरं सांगत होतास आणि मी चौथा कागद पुढे केला. तू त्यावरही लिहिलंस, कारण ताईने सांगितलं.

तर आता ताई सांगते. शनिवारी दुपारी उतरले की सरळ घरी जाईन. मोठ्या आईलाही बोलावून घेईन, तिचाही त्यात वाटा आहे. आईला तो डबा काढायला लावेन आणि कॅलेंडरचं पान फरशीवर पसरेन, तिने आपल्याला जिथे खडूने शिकवलं त्याच फरशीवर. दिवस तिच्याच बोटाने मोजायला लावेन. नऊवर थांबेन. मग नर्सबाईंच्या तारखेपासून पाच दिवस मागे जाईन, आणि त्या दिवशी तू कुणाच्या कडेवर होतास ते सांगेन. दहीभाताचं सांगेन. रविवारी मी का गप्प बसले तेही सांगेन, ते सगळ्यात शेवटी, कारण त्याचा हिशेब कोणत्याही पानावर लागत नाही. तिने मला मारलं तर मार खाईन. ती काहीच बोलली नाही तर तिथेच बसून राहीन, रात्रीची गाडी धरणार नाही.

तो चौकोन रिकामाच राहील. पण आई त्याच्यासमोर एकटी उभी राहणार नाही. हे तुला वचन.

तुझी मास्तरीन,
ताई